राजोबाच्या तावडीतून

राजोबासमोर आणून उभं केलं की माणूस एकच प्रश्न विचारतो, मग तो चौथीतला पोरगा असो की दिल्लीहून पाहणीला आलेला सचिव. हा काय खायचा, कधी मेला, याची हाडं कुठं सापडली, हे सगळं नंतर. आधी मान वर करून त्या जबड्याकडे बघायचं, एक आवंढा गिळायचा आणि विचारायचं, "हा मागं लागला तर माणूस सुटेल का हो?"

डॉ. केतकी उरकुडेला सुरुवातीला या प्रश्नाचा रागच यायचा. जर्मनीत राहून तिनं आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं मेलेल्या प्राण्यांच्या चालीचा अभ्यास करण्यात घालवली होती. राजोबासारखा डायनासोर आणि माणूस यांच्यात साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे, याहून सुरक्षित अंतर आणखी कोणतं हवं, असं ती म्हणायची. पण राजोबा जिथं ठेवला होता त्या उद्यानाच्या विश्वस्तांना तो प्रश्न भलताच आवडला. फाटकावर पाटी लागली, 'राजोबाच्या तावडीतून सुटून दाखवा!' आणि त्याचं शास्त्रशुद्ध उत्तर देण्याचं काम केतकीच्या गळ्यात पडलं.

राजोबा सापडला वरोऱ्याच्या पुढच्या एका टेकाडात. जवळजवळ अख्खा सांगाडा होता. शास्त्रज्ञांनी त्याला वर्धा नदीवरून एक लांबलचक लॅटिन नाव दिलं, पण वाघाला वाघोबा म्हणणाऱ्या त्या मुलखानं त्याचा राजोबा केला आणि तेच टिकलं. मग त्या हाडांचे हुबेहूब साचे काढून, त्यांवर विजेनं आकसणारे कृत्रिम स्नायू ताणून पूर्णाकृती, पूर्ण वजनाचा, चालता राजोबा उभा केला. त्याला चालायचं कसं हे कोणी शिकवलं नाही. हाडं अशी आहेत, वजन एवढं आहे, आता चाल, एवढंच त्याच्या मेंदूला सांगितलं. संगणकाच्या आत तो लाखो वेळा पडला आणि एक दिवस पडायचा थांबला.

मैदानावर तो पहिल्यांदा चालला तेव्हा किंचित लंगडत होता. यंत्र बिघडलं म्हणून सगळे धावले. केतकी मात्र जागच्या जागी उभी राहून रडत होती. त्याच्या डाव्या नडगीचं हाड पूर्वी कधीतरी मोडून पुन्हा सांधलं होतं. हाड सांधलं तरी तो प्राणी त्या पायावर भार टाकायला कचरत असणार, कारण उजव्या पायाचं हाड जादा भार सोसून जाड झालं होतं. यंत्राला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, हाडांच्या आकारातून ते आपोआप चालीत उतरलं होतं. मातीत गेलेल्या जनावराचं लंगडणं आपण ओळखू शकतो, याचा केतकीला तेव्हा केवढा अभिमान वाटला!

आता सुटण्याचं गणित. प्राण्याची उंची दुप्पट केली तर त्याचं वजन आठपट होतं, पण ते वजन पेलणाऱ्या हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच भरतं. म्हणून मोठ्या जनावराला पळणं परवडत नाही. राजोबा दोन्ही पाय उचलून धावला असता तर पहिल्या दोनचार ढांगांतच त्याची हाडं मोडली असती. त्याला फक्त झपाझप चालता यायचं, आणि धडधाकट माणूस जिवाच्या आकांतानं पळाला तर थोडा वेळ तेवढं पळू शकतो. पण थोडाच वेळ. दमला की संपला. केतकीचं गणित तिथं अडून बसलं होतं.

ते सोडवलं तिच्या थोरल्या भावानं, प्रफुल्लनं. तो गावात पिठाची चक्की चालवायचा आणि सकाळी शाळेच्या पोरांना खो-खो शिकवायचा. एकेकाळी तो राज्याच्या संघात होता. खेळाडू म्हणून त्याला नोकरीही लागत होती. पण त्याच सुमाराला बाबांना अर्धांगवायू झाला आणि प्रफुल्लचा गुडघा गेला, दोन्ही एकदमच. केतकीला तेव्हा पुण्याला आणि तिथून जर्मनीला जायचं होतं. "मी तं आता घरीच हावो," असं म्हणून त्यानं तिची बॅग एसटीत चढवून दिली होती.

"तुमचा राजोबा वळते कसा, ते सांग मले आधी," प्रफुल्लनं मैदानावर येऊन विचारलं होतं.

"वाईट वळतो," केतकी म्हणाली. "खांद्यावर लांब शिडी घेतलेला माणूस वळेल तसा. पुढं एवढं डोकं, मागं एवढी शेपटी. सगळं फिरवायला वेळ लागतो."

"मंग तं सोपं हाये! खो-खोत खो घेऊन उठलेल्या गड्यानं एकदा तोंड फिरवलं का त्याले मांगं वळता येत नाई. पळणारा मातर कुठीबी वळते. तुमचा राजोबा म्हंजे खो घेतलेला गडी. त्याच्यापासून पळायचं नाई केतू, त्याले जवळ येऊ द्यायचं अन् हूल द्यायची."

आणि थोडा वेळ निभते माया गुडघा, असं म्हणत त्यानं करून दाखवलं. अंगाला संवेदकांचा घट्ट सूट चढवून चव्वेचाळीस वर्षांचा तो माणूस राजोबासमोर उभा राहिला. जबडा पार खाली येईपर्यंत हलला नाही, मग डावीकडे जातोसं दाखवून उजवीकडून निसटला. राजोबाचं अवजड धूड वळेपर्यंत हा पलीकडच्या खांबाशी जाऊन कमरेवर हात ठेवून हसत होता. राजोबा कोणाला चावत नसे. जबडा दोन हातांवर आला की तो थांबायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे तुम्हाला धरलं. प्रफुल्ल एकटा असताना तो भोंगा एकदाही वाजला नाही.

त्याचं ते चित्रण जिकडेतिकडे पसरलं आणि त्यातूनच खरी गोष्ट सुरू झाली. खो-खो लीगमधल्या पुण्याच्या एका संघाला बचाव शिकवणारा प्रशिक्षक हवा होता. त्यांनी प्रफुल्लला फोन केला. इकडे केतकीलाही या खेळाचं उद्घाटन आटोपलं की परत जर्मनीत, स्टुटगार्टला विभागप्रमुख म्हणून रुजू व्हायचं होतं. घरात आई होती. तिला आधाराशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती, आणि घर सोडून मी कुठंही येणार नाही, हे तिनं दोघांना बजावून ठेवलं होतं.

"दादा, अरे जा की पुण्याला," जेवताना केतकी म्हणाली.

"अन् आईले कोण पाहील? अन् या गुडघ्यानं दिवसभर मैदानात उभं राहवते काय मले?" प्रफुल्लनं डावा गुडघा चोळला. "तू जाय. तुयं मोठं काम हाये. मी नाई म्हणून कळवतो त्यायले उद्घाटनाच्या संध्याकाळी. तवरोक जरा भाव खाऊ दे!"

केतकीनं फार आग्रह केला नाही. केला असता तर 'मग मी थांबते' हे पुढचं वाक्य तिलाच बोलावं लागलं असतं.

या खेळाला येणारी माणसं बहुतेक जोडीनं येणार, म्हणून दोघांनी मिळून पळण्याच्याही चाचण्या घ्यायच्या होत्या. राजोबाच्या भीतीनं प्रफुल्लसोबत पळायला कोणी तयार होईना, तेव्हा केतकीनंच सूट चढवला. लहानपणी शाळेच्या मैदानावर दोघं एका तुकडीत खेळत, त्याची आठवण काढत दोघं हसतखिदळत पळाले. निकाल मात्र विचित्र आला. कधीच खेळाडू नसलेली केतकी दर वेळी सुटली. प्रफुल्ल दर वेळी सापडला.

"मॅडम, जोडीचा हिशेब जुळत नाही," राजोबाचं यंत्र सांभाळणारी रेहाना काझी म्हणाली. ती पडद्यासमोर बसून तेच तेच चित्रण मागंपुढं करत होती.

"त्याचा गुडघा अधू आहे गं. दमला की पाय मागं राहतो. गणितात तेवढी सवलत धर आणि पुढं चल."

"कोणता गुडघा?"

"डावा."

रेहानानं दोन आलेख शेजारी शेजारी लावले. "मॅडम, हे दोन्ही गुडघे सारखे आहेत. हे बघा, उडी मारून उतरताना दोन्हींवर भार सारखा येतो. अधू पायाचा माणूस तिथं पाय चोरतोच, ठरवलं तरी त्याला लपवता येत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत." तिनं चित्र पुढं सरकवलं. "ते दमून मागं राहत नाहीत. शेवटच्या पावलाला थांबतात. आणि दुसरं सांगू का? रागावू नका."

वरून टिपलेलं मैदान पडद्यावर आलं. राजोबाचा मोठा ठिपका आणि माणसांचे दोन लहान. मोठा ठिपका जवळ आला की केतकीचा ठिपका भावाच्या ठिपक्यामागं जायचा. मग भावाचा ठिपका एक पाऊल पुढं सरकायचा आणि थांबायचा.

"तुम्ही त्यांच्या आड जाता, मॅडम. प्रत्येक वेळी."

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची मोडकी नडगी केतकीनं ओळखली होती. सख्ख्या भावाचा धड गुडघा तिनं वीस वर्षांत कधी नीट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी गेली तेव्हा आई पडवीत खुर्चीवर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होती.

"आई, दादाचा गुडघा नेमका कधी गेला गं?"

"कोणाचा?"

"दादाचा. बाबा आजारी पडले तेव्हा."

"पाय तुया बाबाचे गेले व माय. त्यायच्या पायाले तेल चोळू चोळू माये हात गेले." आईनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "प्रफुल्लच्या गुडघ्याले काय धाड भरली? काल मलेच तं उचलून आणलं त्यानं बाहीर." मग तिला आठवलं. "हाव, तू गेली त्या दिवशी लंगडत होता बाप्पा. मले वाटलं चप्पल तुटली. तुले गाडीत बसवून आला तं धडधड चालत आला."

केतकी आईजवळ बसली आणि सुपातली डाळ निवडू लागली. तिला खडा आणि डाळ वेगळी दिसत नव्हती. आईनं तिच्या हातातून सूप काढून घेतलं.

संध्याकाळी प्रफुल्ल शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेषा मारत होता. केतकी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोणता गुडघा, दादा?"

त्याचा हात सवयीनं डाव्या गुडघ्याकडे गेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबला. मग तो हसला. "झालं तुया विज्ञानाचं! म्हटलं होतं मी, एवढे तार नको लावू मले."

"खोटं कायले बोलला तू मले?" तिची जर्मनी, तिचं पुणं, सगळं क्षणात गळून पडलं आणि घरातली बोली तोंडात आली.

"खरं बोललो असतो तं तू गेली असती?"

ती गेली असती की नसती हे तिला आजही ठाऊक नव्हतं. ते कळायची वेळच दादानं तिच्यावर येऊ दिली नव्हती.

प्रफुल्लनं चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "हे पाय केतू. खो-खोत तुकडी उतरते नं तिघायची? त्याच्यात जो दमाचा असते तो अंगावर घेते. बाकीच्यायनं बाजूले उभं राहून दम खायचा. याच्यात रडण्यासारखं काय हाये?"

"वीस वर्षं, दादा!"

"डाव जरासाक लांबला," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता हात झटकू लागला. "नोकरी गेली त्याचं एवढं नाई वाटलं. मैदान सुटलं त्याचं वाटे. पयल्या वर्षी तं चक्कीच्या पट्ट्याचा आवाज आला का मले शिट्टीच ऐकू ये. मंग सवय झाली."

हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं असावं. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा केतकी चार दिवसांसाठी आली होती आणि प्रफुल्लनं विमानतळापर्यंत लंगडत तिची बॅग उचलून नेली होती. तिनं त्याला एक महागडा गुडघ्याचा पट्टा पाठवला होता. तो त्यानं जपून कपाटात ठेवला होता, कोणा खऱ्या लंगड्याला द्यायला बहुतेक.

"आता मी थांबते," ती म्हणाली. "तू पुण्याला जायचं. मी काही ऐकणार नाही."

"अन् तुयी जर्मनी?"

"खड्ड्यात गेली जर्मनी."

दोघांची बरीच वादावादी झाली. शेवटी प्रफुल्लनंच तोड काढली. "बरं, ऐक. उद्या उद्घाटनाले आपणच पळणार होय नं? राजोबा ज्याले धरंल त्यानं घरी राहायचं. जो सुटंल त्यानं जायचं. मंग बोलायचं नाई कोणी. कबूल?"

"कबूल," केतकी लगेच म्हणाली. राजोबापासून सुटायला अक्कल लागते, पण सापडायला काय लागतं? शेवटचं पाऊल टाकायचं नाही, बस. दादा वीस वर्षं जे करत आला ते एकदा तरी तिला करता येणार नव्हतं का? त्या रात्री तिला शांत झोप लागली. स्टुटगार्टला पाठवायचा नकारही तिनं मनात लिहून ठेवला.

उद्घाटनाला सगळा तालुका लोटला होता. मैदानाच्या कठड्याला खेटून माणसं उभी होती. आईलाही खुर्चीसकट आणून पुढं बसवलं होतं. रेहानानं राजोबाला चालू केलं तशी गर्दी एकदम चिडीचूप झाली. त्याच्या पावलागणिक हादरणारी जमीन तळव्यांना कळत होती. किंचित लंगडत, मान खाली घालून तो दोघांकडे येऊ लागला.

प्रफुल्ल आज बेफाम खेळला. त्यानं दोन वेळा राजोबाला अगदी अंगाशी येऊ देऊन हूल दिली. लोक वेड्यासारखे ओरडत होते. कठड्याजवळ पुण्याच्या संघाकडून आलेले दोघं जण मोबाइल उंच धरून उभे होते. केतकी त्या सगळ्यात नीट हिशेब करून मधोमध जाऊन थांबली. राजोबा वळला तो थेट तिच्यावर.

हीच वेळ होती. तिनं पाय जमिनीत रोवले. हे यंत्र आहे, दोन हातांवर थांबणार आहे, भोंगा वाजणार आहे आणि दादा मोकळा होणार आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. या यंत्राची अन् त्या जनावराची माहिती तिच्याइतकी कोणालाच नव्हती. जबडा खाली आला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली.

आणि तिचे पाय सुटले. तिनं सोडले नव्हते. डोक्यात 'थांब, थांब' चाललेलं असताना ते पळाले, आणि सैरावैराही पळाले नाहीत. शाळेच्या मैदानापासून त्यांना जी एकच जागा माहीत होती तिकडे ते गेले. दादाच्या पाठीमागं. जाताजाता तिला त्याचा खांदा लागला. तो आधीच एक पाऊल पुढं आला होता.

भोंगा वाजला.

केतकी पलीकडच्या खांबाला धरून उभी राहिली. माणसं तिच्या नावानं टाळ्या वाजवत होती. ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी आनंदानं सांगत होतं की माणूस सुटतो, डॉक्टर उरकुडे यांनी हे सिद्ध करून दाखवलं आहे. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की हे खोटं आहे, माझं गणित चुकलं आहे, सुटलेल्याला मोजताना मी सापडलेल्याला धरलंच नव्हतं. पण टाळ्या थांबेनात. पुण्याच्या माणसांनी मोबाइल खिशात टाकला. समोर आई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती, ती एकटक मुलाकडे बघत होती.

राजोबाच्या जबड्याखालून प्रफुल्ल वाकून बाहेर आला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, पुण्याच्या माणसांकडे बघून दिलगिरीचं हसला आणि गुडघ्याकडे बोट दाखवून मान हलवली. मग केतकीला पाहून हात उंच केला, जा आता, असा.

आणि तो लंगडत मैदानाबाहेर गेला. घाईगडबडीत या वेळी उजव्या पायानं.